छाया आणि रंग : कृष्णधवल छायाचित्रांचा विचार

१

इंदूर येथील ज्या शाळेत आमची तीस वर्षे गेली, तिच्या सभागृहाच्या भिंतीवर दरवर्षीची सामुदायिक छायाचित्रे ओळीने लावलेली आहेत. आधीची सारी कृष्णधवल, पुढची रंगीत. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. जी चित्रे सर्वांत जुनी, त्यांतील माणसे आजही स्पष्ट ओळखू येतात. अंगरख्याची चुणी, पगडीची घडी, पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या मुलाच्या गुडघ्यावरची धूळ, सारे जसेच्या तसे आहे. उलट चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने, अधिक पैसे मोजून काढविलेली रंगीत चित्रे पार विटून गेली आहेत. आकाश तांबूस, झाडे तांबूस, माणसांचे चेहरेही तांबूस; मुलींच्या गणवेशाचा रंग मुळात कोणता होता, हे चित्र पाहून कोणास सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी काही माजी विद्यार्थी एक सूचना घेऊन आमच्याकडे आले. हल्ली संगणकाच्या साहाय्याने जुन्या कृष्णधवल चित्रांत क्षणार्धात रंग भरता येतात. तेव्हा सभागृहातील सर्व जुनी चित्रे रंगीत करून घ्यावीत, मूळ चित्रे कपाटात ठेवून त्यांच्या जागी ही नवी लावावीत, खर्च आम्ही करू, अशी ती सूचना होती. हेतू प्रेमाचा होता. नमुन्यादाखल त्यांनी एक चित्र तयार करूनही आणले होते. ते पाहताच आमचे एक निवृत्त सहकारी हसले. त्या चित्रात मधल्या खुर्चीवर बसलेले वृद्ध शिक्षक म्हणजे त्यांचे आजोबा. यंत्राने आजोबांच्या पगडीस गडद निळा रंग दिला होता. ती पगडी त्यांच्या घरी पेटीत अजून जपून ठेवलेली आहे, आणि ती लालभडक आहे!

यंत्र चुकले, एवढे म्हणून हा विषय संपला असता. परंतु ते अशा रीतीने का चुकले, याचा शोध घेताना आम्हांस छायाचित्रणाच्या इतिहासात बरेच मागे जावे लागले. कृष्णधवल चित्राचे आकर्षण कशात आहे, आणि रंगीत चित्रे घरोघर झाल्यावरही ते का टिकले, या प्रश्नाचे उत्तरही आम्हांस त्याच वाटेवर सापडले, असे वाटते. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. युरोपीय भाषांत या कलेस जे नाव मिळाले, त्याचा ग्रीक अर्थ 'प्रकाशाने लिहिणे' असा आहे. मराठीत 'प्रकाशचित्र' हा शब्द काहींनी वापरला. पण लोकांत रुळला तो 'छायाचित्र'. परदेशीयांनी प्रकाशाकडे बोट दाखविले, आपण छायेकडे. दोन्ही नावांत रंगाचा मात्र उल्लेख नाही.

तथापि रंगाची इच्छा नव्हती असे नाही. १८३९ साली फ्रान्समध्ये दाग्येर व इंग्लंडमध्ये टॉलबट यांच्या पद्धती जाहीर झाल्या, आणि लवकरच छायाचित्रांवर कुंचल्याने रंग चढविणारे कारागीरही पुढे आले. गालांवर गुलाबी छटा, दागिन्यांवर सोनेरी ठिपका, असे ते काम असे. म्हणजे ज्यांच्या हाती प्रथम ही चित्रे आली, त्यांस ती अपुरीच वाटत होती. कृष्णधवल चित्राचे 'सौंदर्य' ही त्या काळची कल्पना नव्हे. तेव्हा दुसरा मार्गच नसल्यामुळे ते तसे निघे, आणि लोक ते तसे पत्करीत.

येथे एक बाब नीट समजून घेतली पाहिजे. जुने छायाचित्र रंग दाखवीत नाही, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु ते सर्व रंगांकडे सारख्या दृष्टीने पाहतही नाही, हे थोड्यांस ठाऊक असते. चांदीच्या ज्या क्षारांवर ही कला उभी आहे, त्यांवर स्वभावतः निळ्या, जांभळ्या व डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिनील किरणांचाच परिणाम होतो. हिरवा, पिवळा व तांबडा यांना ते जवळजवळ आंधळे. म्हणून जुन्या चित्रांत निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे येते, आणि लाल वस्तू काळी येते. १८७३ साली बर्लिन येथे फोगेल या रसायनज्ञाने काचेवरील लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले असता त्यास हिरवा प्रकाशही जाणवतो, असे दाखवून दिले. तांबड्यासह सर्व रंग ओळखणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे सामान्य छायाचित्रकार जुन्याच प्रकारच्या काचा व फिती वापरीत राहिले. छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा जळत असे, तो याचाच पुरावा. ज्या लेपास तांबडे दिसत नाही, त्याच्यासमोर तांबडा दिवा खुशाल लावावा!

आता आपल्याकडील एखाद्या जुन्या विवाहाचे छायाचित्र डोळ्यांपुढे आणा. वधूच्या कपाळावरचे कुंकू काळे आहे. अंगाची हळद उजळ दिसण्याऐवजी मळकट दिसते. गव्हाळ माणूस सावळा आणि सावळा माणूस काळा झाला आहे, कारण आपल्या कातडीच्या तांबूस-पिवळसर छटा त्या काचेस दिसल्याच नाहीत. आपले पणजोबा चित्रात दिसतात तितके काळे बहुधा नव्हते. आणि लाल पगडी? ती काळी. यंत्राने काळ्याजवळचा रंग म्हणून गडद निळा निवडला. वस्तुतः ती पगडी खरोखर निळी असती, तर त्या जुन्या काचेवर ती याहून पुष्कळ फिकी उमटली असती. म्हणजे यंत्राचा तर्क नेमका उलटा होता.

या आंधळेपणाचा एक गमतीदार दाखला विज्ञानाच्या इतिहासातही आहे. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये क्लार्क मॅक्सवेल यांनी एका रंगीबेरंगी फितीची तीन कृष्णधवल चित्रे तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून घेऊन, पडद्यावर एकावर एक पाडून, रंगीत प्रतिमा दाखविली. रंगीत छायाचित्रणाचा पाया तो हाच. परंतु तांबडे न दिसणाऱ्या काचेवर तांबडे उमटले कसे? हे कोडे शंभर वर्षांनी उकलले. फितीच्या तांबड्या भागातून अतिनील किरणही परावर्तित होत होते, आणि गाळण्यातून तेही पार होत होते. काचेने पकडले ते त्यांना. सिद्धान्त बरोबर होता, प्रयोग मात्र योगायोगाने यशस्वी झाला होता.

३

हिंदुस्थानात ही कला आश्चर्य वाटावे इतक्या लवकर आली. १८४० साली कलकत्त्यास कॅमेऱ्यांच्या विक्रीची जाहिरात झळकली. १८५४ साली मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ च्या सुमारास या विषयाचा वर्ग निघाला, आणि त्यातूनच हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील पहिल्या एतद्देशीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक तयार झाले.

पण आम्हां इंदूरकरांस या संदर्भात जे नाव जिव्हाळ्याचे, ते लाला दीनदयाळ यांचे. मीरतजवळच्या सरधना गावी १८४४ साली जन्मलेला हा तरुण रुडकीच्या महाविद्यालयात स्थापत्य शिकून १८६६ साली इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीस लागला. छायाचित्रण त्याने येथेच हाती घेतले. महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि सर हेन्री डेली यांचे त्यास उत्तेजन मिळाले. १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्याने मध्य हिंदुस्थानात प्रवास करून ग्वाल्हेरचा किल्ला, सांचीचा स्तूप, खजुराहोची देवळे यांची जी चित्रे घेतली, ती १८८६ च्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. पुढे हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबाद, इंदूर व मुंबई येथे त्यांची चित्रगृहे चालली. १८९२ साली हैदराबादेत त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रगृह काढले, तेथे छायाचित्रे घेण्याचे कामही एका स्त्रीकडेच होते. १९०५ साली ते वारले.

दीनदयाळांची देवळांची व किल्ल्यांची चित्रे पाहिली म्हणजे कृष्णधवल चित्राचे बळ कोठे आहे, हे कळू लागते. स्थापत्य शिकलेल्या या माणसास दगड वाचता येत होता. कोरीव काम रंगाने दिसत नाही, सावलीने दिसते. ऊन माथ्यावर असताना शिल्प सपाट होते. ते तिरपे झाले की त्याच भिंतीवरची प्रत्येक मूर्ती जागी होते. रंगाने येथे भर पडली नसती. कदाचित लक्ष विचलितच झाले असते. छायाचित्रास जे साधत नव्हते, त्याचा शोक करीत न बसता, जे साधत होते ते या पिढीने पूर्णत्वास नेले.

लोकांची रंगाची भूक मात्र कायम होती. ती भागविली दुसऱ्यांनी. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईस शिळाछापखाना काढला, आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी घरोघर गेल्या. आपल्या जुन्या घरांची ओसरी आठवून पाहावी. देव रंगीत, पूर्वज करडे! ज्यांस त्यातही समाधान नसे, ते दिवंगत वडिलांचे लहानसे चित्र मोठे करवून त्यावर चित्रकाराकडून रंग चढवून घेत. हा व्यवसाय अगदी अलीकडेपर्यंत गावोगाव चालत होता.

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात तर हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात. १८९० साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यास कलाभवन स्थापिले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनाचे, विशेषतः रंगांच्या रसायनाचे, गाढे जाणकार. त्या कलाभवनात फाळके छायाचित्रण व मुद्रण शिकले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. पुढे रंगीत छपाईची यंत्रे व तंत्र यांसाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. रंगीत मुद्रणाची एवढी विद्या ज्याच्या हाती, त्या माणसाचे सर्वांत मोठे कार्य १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' हे होय. आणि ते कृष्णधवल आहे.

४

तिकडे युरोपात ल्युमियेर बंधूंनी १९०७ साली रंगीत काचा विक्रीस आणल्या. बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या व जांभळ्या रंगांत रंगवून ते काचेवर पसरावयाचे, अशी ती युक्ती होती. पुढे १९३५ साली कोडॅक्रोम व १९३६ साली अ‍ॅग्फाची रंगीत फीत निघाली. यानंतर रंगीत चित्र काढणे हे विज्ञानाचे आश्चर्य उरले नाही. तो केवळ खर्चाचा प्रश्न राहिला. आपल्याकडे तो खर्च पुष्कळ वर्षे परवडला नाही. उटकमंड येथे १९६० साली स्थापन झालेल्या, आणि आता बंद पडलेल्या, सरकारी कारखान्याची 'इंदू' छापाची कृष्णधवल फीत हीच कित्येक हौशी छायाचित्रकारांची सोबतीण होती. दूरदर्शनवर रंग आला तो १९८२ साली.

परंतु ज्या क्षणी रंग हाती आला, त्या क्षणी कृष्णधवल चित्राचा अर्थ बदलला. आजवर जी गरज होती, ती आता निवड झाली. याचे फार चांगले उदाहरण छायाचित्राच्या धाकट्या भावंडात, म्हणजे चित्रपटात, सापडते. १९३३ साली प्रभात कंपनीने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली 'सैरंध्री' हा बोलपट रंगीत करण्याचे धाडस केले. जर्मनीत त्याच्या प्रती करविल्या. पण रंग मनासारखे उतरले नाहीत. पुढच्याच वर्षीच्या 'अमृतमंथन'मध्ये त्यांनी छायाप्रकाशाचा असा प्रभावी उपयोग केला की तो पाहणारास विसरता येत नाही. १९५५ साली 'झनक झनक पायल बाजे'त मात्र त्यांनी टेक्निकलरचे रंग मुक्तहस्ते उधळले. आणि त्यानंतर? १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' पुन्हा कृष्णधवल, व १९५९ चा 'नवरंग' पुन्हा रंगीत. दोन रंगीत चित्रांच्या मध्ये, पदरी रंग असताना, त्यांनी कैद्यांची व माळरानाची गोष्ट रंगाविना सांगितली. या क्रमातून कलावंताची विवेकबुद्धी जितकी कळते, तितकी कोणत्याही प्रबंधातून कळणार नाही.

त्याहूनही आम्हांस विचार करावयास लावते ते १९३७ सालचे 'कुंकू'. चित्रपटाचे नाव एका रंगाचे. आणि तो रंग संपूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाही! जरठ नवऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या नीरेच्या कपाळावर पडद्यावर जे आहे, तो एक काळसर ठिपका. परंतु कोणा प्रेक्षकास ते कुंकू तांबडे भासले नसेल? लाल रंग पडद्यावर नव्हता, तो बघणाऱ्याच्या मनात होता, आणि तेथून तो कपाळावर जात होता. पंडित नेहरूंच्या कोटावरील गुलाबाचेही असेच. होमाई व्यारावाला यांनी दिल्लीत नेहरूंची असंख्य चित्रे काढली. ती कृष्णधवल आहेत. तरी गुलाब कोणत्या रंगाचा, असे त्या पिढीत कोणी विचारले नाही. (१९७० साली कॅमेरा खाली ठेवून या बाई पुढे बडोद्यास स्थायिक झाल्या व २०१२ साली तेथेच निवर्तल्या, हे बडोदेकर वाचकांस ठाऊक असेलच.)

आमच्या मते कृष्णधवल चित्राचे आकर्षण येथे आहे. ते रंगहीन नसते. ते रंगाचे काम पाहणाऱ्याकडे सोपविते. रंगीत चित्र आपणांस सर्व काही हातात आणून देते, आपण घेतो आणि पुढे जातो. कृष्णधवल चित्र आकार देते, प्रकाश देते, चेहऱ्यावरचा भाव देते, आणि उरलेले भरावयास आपल्या स्मरणशक्तीस कामाला लावते. ज्या कामात आपला वाटा असतो, त्यात आपला जीव गुंततो. निसर्गातही असे पाहणे आहेच. चांदण्यात डोळ्यांस रंग दिसत नाहीत. तरी चांदण्या रात्रीचे अंगण कोणी अपुरे मानीत नाही. चांदणे आणि चांदी हे दोन्ही शब्द चंद्राच्याच घरचे, आणि जुने छायाचित्र तर चांदीचेच असते.

या मतास एक तोलामोलाचा विरोधही आहे, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जयपूरचे रघुवीर सिंग (१९४२–१९९९) हे श्रेष्ठ छायाचित्रकार. त्यांनी आयुष्यभर रंगीत चित्रेच काढली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की कृष्णधवल छायाचित्रणात पाश्चात्त्य आधुनिक मनाचा एकाकीपणा व अपराधभाव भरलेला आहे. हिंदी माणसाची दृष्टी मुळात रंगांची आहे, तीस रंगाविना पाहावयास लावणे म्हणजे परक्याचा चष्मा घालणे. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? पंढरीच्या वाटेवरील पताका, होळीचा रंग, दारातली रांगोळी, लग्नातली हळद यांतून रंग वगळला तर काय उरते? जेथे रंग हाच विषय आहे, तेथे रंग वगळणे हे सोंगच ठरते. आज कोणी केवळ 'कलात्मक' दिसावे म्हणून गुलालाने माखलेल्या मिरवणुकीचे चित्र करडे करू लागला, तर रघुवीर सिंगांचा आक्षेप त्यास तंतोतंत लागू पडेल.

परंतु जेथे माणूस हाच विषय आहे, तेथे आमचे मन दुसरीकडे झुकते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांनी काढलेली चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस त्यांत रंगाची उणीव भासली असेल, असे आम्हांस वाटत नाही. भुकेल्या माणसाच्या बरगड्या सावलीनेच मोजता येतात. हा परक्याचा चष्मा नव्हे.

५

आता टिकाऊपणाचा विचार. कृष्णधवल चित्रातील काळेपणा म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण. तो धातू आहे. रंगीत चित्रातील रंग म्हणजे सेंद्रिय रंगद्रव्ये, कापडाच्या रंगांची दूरची भावंडे. ती उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने विटतात, आणि तीन रंगांपैकी एखादा लवकर गेला की उरलेल्या दोहोंचेच राज्य होते. त्या काळच्या कित्येक कागदांतील निळसर रंग प्रथम उडाला, म्हणून आमच्या भिंतीवरचे आकाश तांबडे झाले. चित्रपटांची हीच गत झाली. म्हणून मौल्यवान रंगीत चित्रपट जपावयाचा असेल, तर त्याच्या तीन मूळ रंगांच्या तीन स्वतंत्र कृष्णधवल फिती करून ठेवण्याची पद्धत जगातील जाणत्या चित्रसंस्थांनी स्वीकारली. मॅक्सवेलच्या प्रयोगाचे हे उलटे रूप. रंगास दीर्घायुष्य हवे असेल, तर त्यास कृष्णधवलाच्या घरी जाऊन राहावे लागते!

अर्थात चांदीसही शत्रू आहेत. नीट न धुतलेले चित्र पिवळे पडते, पावसाळ्यात बुरशी धरते. आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे चांदीची किंमत. आपल्याकडील कितीतरी मूकपट व आरंभीचे बोलपट, त्यांच्या फितींतील चांदी काढून घेण्यासाठी मोडीत गेले. ज्या धातूने ते टिकावयाचे, त्याच धातूपायी ते नष्ट झाले.

शेवटी आजच्या यंत्राविषयी एक शब्द. मोबाइलमधील कॅमेऱ्याच्या अंतरंगात जो प्रकाशग्राही पट असतो, तोही स्वतः रंग जाणत नाही. प्रत्येक बिंदू फक्त प्रकाश किती, एवढेच मोजतो. त्यावर तांबड्या, हिरव्या, निळ्या गाळण्या बसविलेल्या असतात, आणि बाकीचे रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने ठरविले जातात. २०१२ साली जर्मनीच्या लायका कंपनीने या गाळण्या काढून टाकलेला, केवळ कृष्णधवल चित्रे घेणारा कॅमेरा विकावयास काढला, आणि त्यास गिऱ्हाइके मिळाली. पण मोबाइलच्या गणितास प्रत्यक्ष गाळण्यांचा आधार असतो. जुन्या चित्रात रंग भरणाऱ्या संगणकास तसा आधार नाही. लाल, गडद हिरवा व तपकिरी हे तिन्ही रंग जुन्या काचेवर एकाच काळेपणाने उतरले. त्या काळेपणातून मूळचा कोणता, हे बृहस्पतीसही सांगता येणार नाही. संगणक सांगतो ते इतर असंख्य चित्रांवरून बांधलेले अनुमान असते. चेहऱ्यास व झाडास ते पुष्कळदा शोभते. आमच्या घरच्या पगडीस व नऊवारीस शोभतेच असे नाही.

पूर्वीचा चित्रकार वडिलांच्या चित्रावर रंग चढवी, तेव्हा तो घरच्यांस विचारी, "शालू कोणत्या रंगाचा होता?" त्याची कारागिरी बेताची असेल, पण त्या प्रश्नाचे उत्तर देणारे माणूस समोर होते. यंत्र विचारीत नाही. आणि विचारले तरी सांगणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत, ही खरी काळजीची गोष्ट आहे. कृष्णधवल चित्र पाहणाऱ्याच्या स्मरणावर विसंबून असते, असे आम्ही वर म्हटले. ते स्मरण ज्या पिढीबरोबर जाईल, त्या पिढीबरोबर चित्रातला रंगही जाईल. मग नेहरूंचा गुलाब खरोखरच करडा होईल.

माजी विद्यार्थ्यांची सूचना आम्ही नाकारली नाही, बदलून घेतली. मूळ चित्रे भिंतीवरच राहिली. रंगविलेला नमुना, 'हे रंग कल्पनेने भरले आहेत' अशा स्पष्ट चिठ्ठीसह, ग्रंथालयात ठेवला. त्यांनी देऊ केलेल्या पैशांतून विटत चाललेल्या रंगीत चित्रांच्या चांगल्या प्रती प्रथम करून घेतल्या, कारण खरी निकड त्यांची होती. आणि नववीच्या मुलांस एक काम लावून दिले. प्रत्येक जुन्या चित्राची प्रत घेऊन गावातील वृद्धांकडे जावयाचे, आणि ते सांगतील ते रंग एका वहीत लिहून आणावयाचे.

ती वही आता निम्मी भरली आहे. अमक्या गुरुजींचे उपरणे जरीकाठी, काठ जांभळा. अमक्या बाईंचे लुगडे हिरवे, बहुधा महेश्वरी. शाळेच्या जुन्या दरवाजास पिवळा रंग होता, हे तीन निरनिराळ्या आजींनी सांगितले. मधल्या खुर्चीवरील शिक्षकांची पगडी लाल; पुरावा, प्रत्यक्ष पगडी. काही ठिकाणी दोन वृद्धांनी दोन रंग सांगितले. मुलांनी दोन्ही लिहून ठेवले आहेत. आणि पुष्कळ नावांपुढची जागा कोरी आहे. ती तशीच ठेवावी, असे आम्ही मुलांस सांगितले आहे.